सरकारी टेंडर आणि परदेशी माल : नाशिकच्या पुरवठादारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकरोडच्या दोन सरकारी छापखान्यांच्या प्रेस, ओझरचं विमानं बनवणारं एचएएल, एकलहऱ्याचा रेल्वेचा कारखाना, देवळालीतली लष्करी ठाणी. केंद्र सरकारची इतकी गिऱ्हाइकं इतक्या जवळ असलेली गावं राज्यात फारशी नाहीत, म्हणून सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या लहान कारखान्यांतही आता जेम हे सरकारी खरेदीचं ऑनलाइन पोर्टल रोज उघडलं जातं. किंमत आणि डिलिव्हरीचे रकाने सगळे बिनचूक भरतात. गाडी अडते ती ‘लोकल कंटेंट किती टक्के’ (वस्तूच्या किमतीतला देशी वाटा) आणि ‘कंट्री ऑफ ओरिजिन’ (मूळ देश) या दोन रकान्यांपाशी. खालचे प्रश्न त्याच दोन रकान्यांभोवतीचे आहेत.

हा नियम आला कुठून?

केंद्राने १५ जून २०१७ रोजी सरकारी खरेदीत ‘मेक इन इंडिया’ला प्राधान्य देणारा आदेश काढला. त्याला आधार सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १५३ (iii) चा. तेव्हापासून त्यात बऱ्याच वेळा बदल झाले. १६ सप्टेंबर २०२० ची आवृत्ती आणि १९ जुलै २०२४ ची सुधारणा, ही दोन वाचली तर काम भागतं. जुन्या टेंडरमधून कॉपी केलेल्या नमुन्यात अजूनही २०१७ चीच तारीख दिसते. असा नमुना हाती पडला तर आधी तारीख बदला आणि मग सही करा.

आदेश पुरवठादारांना तीन वर्गांत टाकतो. लोकल कंटेंट ५० टक्के किंवा जास्त असेल तर क्लास-१, २० ते ५० च्या मध्ये असेल तर क्लास-२, आणि २० च्या खाली नॉन-लोकल. काही वस्तूंसाठी संबंधित मंत्रालयाने वेगळी टक्केवारी ठरवलेली असते, ती टेंडरमध्ये लिहिलेली सापडते.

आम्ही काहीच आयात करत नाही. सगळा माल मुंबईच्या डीलरकडून जीएसटी बिलावर येतो. मग आमचं लोकल कंटेंट १०० टक्केच ना?

नाही. या एका गैरसमजाने जितकी खोटी सर्टिफिकेटं तयार होतात तितकी लबाडीने होत नसतील.

लोहार चाळीतून घेतलेला सर्किट ब्रेकर, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला सेन्सर, अंबडच्या ट्रेडरने दारात आणून टाकलेलं बेअरिंग, या सगळ्यांचं बिल भारतीय असतं. माल कुठे बनला हे बिल सांगत नाही. त्यावर एचएसएन कोड (मालाच्या वर्गाचा क्रमांक) असतो, जीएसटीचा दर असतो, डीलरचा पत्ता असतो, पण मूळ देशाचा रकाना बहुतेक बिलांवर नसतोच. तो असतो खोक्याच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलवर, आणि खोकं तर स्टोअरमधला पोऱ्या त्याच संध्याकाळी भंगारात देऊन टाकतो.

आताच्या आदेशात हे स्पष्टच आहे. डीलर किंवा रिसेलरकडून देशात घेतलेला आयात माल लोकल कंटेंटमध्ये धरायचा नाही, आणि अशा मालाची किंमत करांसकट किती होती हे खरेदी करणारं खातं पुरवठादाराकडून मागून घेतं. परदेशात जाणारी रॉयल्टी, लायसन्स फी, तांत्रिक सल्ल्याचे पैसे यांचाही तपशील मागितला जातो.

टक्केवारी काढायची कशी? सीएला विचारलं तर तो आम्हालाच विचारतो.

बरोबरच आहे त्याचं. पॅनेलच्या आत काय बसवलंय हे तुमच्या शॉप फ्लोअरला माहीत असतं, सीएला कुठून माहीत असणार?

सूत्र साधं आहे. वस्तूच्या विक्री किमतीतून देशातले अप्रत्यक्ष कर वगळा. उरलेल्या रकमेतून आयात घटकांची किंमत, त्यांच्यावरच्या सगळ्या सीमाशुल्कासकट, वजा करा. बाकी राहिली ती रक्कम मूळ करविरहित किमतीच्या किती टक्के आहे ते काढा.

अंबडमध्ये बनलेलं एक कंट्रोल पॅनेल घेऊ. जीएसटी सोडून किंमत ८,००,००० रुपये. आत बसवलेला पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) आणि त्याचा डिस्प्ले मुंबईच्या डिस्ट्रिब्युटरकडून घेतला, मूळ बनावट परदेशी, बिल २,००,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,३६,०००. मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह तुम्ही स्वतः आयात केला, सीमाशुल्क धरून १,३०,०००. आयात माल झाला ३,६६,०००. आठ लाखांतून तो गेला की राहतात ४,३४,०००. भागिले आठ लाख, ५४.२५ टक्के. क्लास-१ झालात.

आता पॅनेलचं दार पुन्हा उघडून बघा. डिन रेलवर, म्हणजे आतल्या धातूच्या पट्टीवर, ओळीने बसवलेले रिले, टर्मिनल, पॉवर सप्लाय, दारावरची पुश बटणं आणि दिवे. किरकोळ म्हणून या मालाकडे कुणी बघत नाही. एकेका रिलेच्या बाजूला बारीक अक्षरात देशाचं नाव छापलेलं असतं आणि ते वाचायला चष्मा कपाळावरून खाली घ्यावा लागतो. हा सगळा माल करांसकट ५०,००० रुपयांचा आणि परदेशी निघाला, तर आयात होते ४,१६,०००, उरतात ३,८४,००० आणि टक्केवारी येते ४८. क्लास-१ गेला! माल पाहणीला येणारा मुरलेला अधिकारी मोठ्या ड्राइव्हची नेमप्लेट वाचून थांबत नाही, तो बोटाने रेलवरचे रिले फिरवून बघतो.

इन्स्टॉलेशन, ट्रेनिंग, वाहतूक आमची माणसं करतात. ते तर पूर्ण भारतीय आहे ना?

माणसं भारतीय, पण हे पैसे स्थानिक मूल्यवाढ म्हणून दाखवता येत नाहीत. वाहतूक, विमा, इन्स्टॉलेशन, कमिशनिंग (यंत्र चालू करून देणं), ट्रेनिंग, एएमसी आणि सीएमसी (देखभालीचे करार), सगळ्यांवर ४ मार्च २०२१ च्या खुलाशाने फुली मारलेली आहे. आयात यंत्र विकायचं, त्यावर भरमसाट ‘कमिशनिंग चार्ज’ लावायचा आणि ते अर्धं भारतीय म्हणून खपवायचं, या उद्योगाला आळा घालण्यासाठीच तो खुलासा आला. वरच्या उदाहरणात आठ लाखांमध्ये कमिशनिंगचे ६०,००० धरलेले असतील, तर ४,३४,००० मधून तेही काढा. रिलेंचा हिशेब करायच्या आधीच तुम्ही ४६.७५ वर येता.

रिव्हर्स ऑक्शनमध्ये, म्हणजे भाव खाली नेण्याच्या ऑनलाइन लिलावात, भाव उतरवला तर टक्केवारी बदलते का?

बदलते, आणि रात्री लॅपटॉपसमोर बसून हजार-हजाराने भाव खाली नेताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आयात माल ३,६६,००० चा ठरलेला आहे, त्यात काही कमी होत नाही. तुमचा भाव आठ लाखांवरून ७,२०,००० वर आला की उरतात ३,५४,००० आणि टक्केवारी होते ४९.१७. सर्टिफिकेट मात्र ५४ टक्क्यांचं आधीच अपलोड झालेलं असतं.

म्हणून ऑक्शनला बसण्याआधी आकडा उलट बाजूने काढून ठेवा. आयात मालाची रक्कम दुप्पट केली की तुमचा तळ मिळतो. इथे तो ७,३२,०००. त्याच्या खाली गेलात की क्लास-१ म्हणवून घेता येणार नाही. किमतीत कमिशनिंगसारखी सेवा धरली असेल तर तिची रक्कमही आयातीत मिळवून मग दुप्पट करा. हा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यावर चिकटवून ठेवणारे लोक मला ठाऊक आहेत आणि त्यांचं बरं चाललंय.

आमची सीएनसी मशीन जपानी आहे, टूलिंगही बाहेरचं. ते आयात घटकात धरायचं का?

हिशेब विकलेल्या वस्तूच्या आत काय आहे याचा आहे. मशीन तुमच्या शेडमध्येच राहतं. मात्र कच्चा माल, म्हणजे खास मिश्रधातूचा बार वगैरे बाहेरून आलेला असेल, तर तो धरावाच लागतो. एचएएलसाठी पार्ट बनवणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा इथेच फिरतं.

क्लास-१ असण्याने हातात काय पडतं?

दोन गोष्टी. ज्या वस्तूंची देशात पुरेशी क्षमता आणि स्पर्धा आहे असं मंत्रालयाने जाहीर केलंय, तिथे बोली लावता येते ती फक्त क्लास-१ ला. बाकी ठिकाणी खरेदीत प्राधान्य. सर्वात कमी भाव क्लास-१ नसलेल्याचा असेल आणि तुमचा भाव त्याच्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंतच जास्त असेल, तर त्याच्या भावाला यायची संधी तुम्हाला मिळते. माल विभागता येण्यासारखा असेल तर अर्धी ऑर्डर, नसेल तर पूर्ण. त्याचा भाव १० लाख, तुमचा ११.८० लाख, तरी तुम्ही शर्यतीत असता, फक्त माल १० लाखांत द्यायची तयारी हवी. ती तयारी खरंच आहे का हे आधी ठरवा.

क्लास-२ ला बोली लावता येते, प्राधान्य नाही. नॉन-लोकलला फक्त जागतिक टेंडरमध्ये जागा, आणि मे २०२० पासून २०० कोटींपर्यंतच्या खरेदीसाठी जागतिक टेंडर खास मंजुरीशिवाय काढता येत नाही.

छोट्या ऑर्डरींनाही हे लागू आहे?

पाच लाखांपेक्षा कमी अंदाजित किमतीची खरेदी आदेशातून वगळलेली आहे. तरीही जेमवर वस्तू चढवताना मूळ देश लिहावाच लागतो. जून २०२० पासून तो सक्तीचा आहे.

सर्टिफिकेट कोणी द्यायचं?

दहा कोटींपर्यंत तुमचं स्वतःचं घोषणापत्र चालतं. त्यापुढे कंपनी असेल तर वैधानिक लेखापरीक्षक किंवा कॉस्ट ऑडिटर, आणि प्रोप्रायटर किंवा भागीदारी असेल तर प्रॅक्टिस करणारा सीए किंवा कॉस्ट अकाउंटंट. सीएच्या सर्टिफिकेटवर यूडीआयएन क्रमांक (ज्यावरून सर्टिफिकेट खरं की खोटं ते ऑनलाइन तपासता येतं) आहे ना हे बघून घ्या.

टक्केवारीच्या खाली मूल्यवाढ कुठे होते त्या जागेचा तपशील लिहायचा असतो. तिथे ‘नाशिक’ एवढंच लिहून पाठवणारे पुष्कळ. प्लॉट नंबर, एमआयडीसी, पिन कोड, सगळं लिहा. पावडर कोटिंग किंवा हीट ट्रीटमेंट शेजारच्या गाळ्यात जॉबवर्कला जात असेल तर तो पत्ताही लिहा. पाहणीला आलेल्या माणसाला कागदावरच्या पत्त्यावर रिकामा गाळा दिसला की पुढचं सगळं समजावून सांगण्यात जातं.

आकडा चुकीचा निघाला तर काय होतं?

चुकीचं घोषणापत्र हा वित्तीय नियम १७५ मधल्या सचोटीच्या संहितेचा भंग मानला जातो, आणि नियम १५१ (iii) खाली दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येतं. त्या काळात बाकीच्या सरकारी खरेदीदारांकडेही प्राधान्य मिळत नाही. नोट प्रेसला दिलेलं एक घोषणापत्र चुकीचं निघालं म्हणून रेल्वेकडचा हक्क जातो, असं हे आहे.

तपासणीसाठी मंत्रालयांनी समित्या नेमायच्या असतात. त्या अधूनमधून कुठलंही घोषणापत्र उचलून बघतात. पण खरी भीती त्यांची नाही. टेंडर हरलेला तुमचाच स्पर्धक तक्रार करतो. तुमच्या पॅनेलमध्ये कुठला ड्राइव्ह असतो हे त्याला तोंडपाठ असतं, कारण तोही त्याच डीलरकडून घेतो.

चिनी पार्ट वापरले तर टेंडरमधून बाद होतो का?

इथे दोन वेगळे नियम एकमेकांत मिसळले जातात. २३ जुलै २०२० च्या आदेशाने, वित्तीय नियम १४४ (xi) खाली, भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतल्या बोलीदाराला आधी नोंदणी करणं भाग पाडलं. अट बोलीदारावर आहे. ज्या देशांना भारत कर्ज किंवा विकास साहाय्य देतो त्यांना सूट आहे. तुमची कंपनी नाशिकची, भागधारक इथलेच, मग फक्त चिनी कपॅसिटर वापरला म्हणून नोंदणी लागत नाही. कच्चा माल, सुटे भाग, उपजोडण्या घेण्याला उपकंत्राट समजलं जात नाही, असा खुलासा झालेला आहे.

तयार वस्तूचं तसं नाही. तिथून बनून आलेला पंप तसाच पुढे दिला तर तो बनवणारा नोंदणीकृत लागतो. त्यावर आपलं स्टिकर मारलं म्हणून तो अंबडचा होत नाही. कंपनीत त्या देशातल्या कुणाचा २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा असेल तर अट तुम्हालाच लागू होऊ शकते. या कलमाचा मजकूर प्रत्येक टेंडरमध्ये जोडलेला असतो. तो त्या-त्या टेंडरमधलाच वाचा, मागच्या वर्षीच्या फाइलमधला नको.

स्वतः आयात करायची तर कुठले कागद जपायचे?

आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड, लागतोच. तो आता पॅन क्रमांकावरच चालतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन अद्ययावत करायचा असतो. काही बदल नसला तरीही. हे राहून गेलं की आयईसी निष्क्रिय होतो आणि ते कळतं माल बंदरात येऊन पडल्यावर.

मग बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा सीमाशुल्क खात्याकडे भरलेला कागद. मूळ देश, किंमत आणि भरलेलं शुल्क एकाच कागदावर देणारा हा सर्वात भरवशाचा पुरावा. याच्यावरूनच बँक तुमचे परदेशात गेलेले पैसे आणि आलेला माल यांची जोडणी रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत करते. कस्टम एजंटकडून बिल ऑफ एंट्रीची प्रत मागून घ्यायला लाजू नका, ती तुमचीच आहे.

जपान किंवा कोरियासारख्या व्यापार करार असलेल्या देशातून कमी शुल्काने माल आणत असाल तर सप्टेंबर २०२० पासून लागू झालेले ‘कॅरोटार’ नियम बघा. निर्यातदाराने पाठवलेला मूळ देशाचा दाखला पुरत नाही. माल तिथे कसा बनला याची माहिती तुमच्याकडे असावी लागते आणि ती पाच वर्षं जपावी लागते.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या टेंडरला हेच नियम का?

सरसकट नाही. तिथे राज्याचं खरेदी धोरण चालतं, १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातली खरेदी पुस्तिका. मात्र काम केंद्राच्या योजनेतलं असेल आणि पैसा पूर्ण किंवा थोडासा जरी केंद्राचा असेल, तर केंद्राचा आदेश लागू होतो. सिंहस्थाच्या टेंडरांची रीघ लागलेली असताना निधी कुठून येतोय हे प्रत्येक टेंडरमध्ये बघून घ्या. शेजारी-शेजारी निघालेल्या दोन कामांना दोन वेगळे नियम असू शकतात.

लघुउद्योगांची उद्यम नोंदणी आहे, मग लोकल कंटेंटची गरज काय?

दोन्ही वेगवेगळे हक्क आहेत. उद्यम तुमचा आकार सांगतं, वस्तू कुठे बनली ते सांगत नाही. नुसता ट्रेडिंगचा उद्यम असेल तर लघुउद्योगांच्या प्राधान्याचाही फायदा मिळत नाही.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने ‘प्लेस ऑफ मॅन्युफॅक्चर’चा फॉर्म पाठवलाय. तो कशासाठी?

तुमचा माल त्यांच्या सरकारी कंत्राटात जाणार असेल तर हे येतं. १९३३ च्या ‘बाय अमेरिकन’ कायद्याखाली तिथल्या खात्यांना परदेशी बनावटीच्या खरेदीचा हिशेब ठेवावा लागतो, म्हणून विकणाऱ्याकडून वस्तू अमेरिकेत बनली की बाहेर, हे लिहून घेतलं जातं. त्यांची व्याख्या आपल्यापेक्षा वेगळी आहे. तिथे बघितलं जातं ते सुट्या भागांतून किंवा कच्च्या मालातून तयार वस्तू कुठे झाली. आणि वस्तू एकदा सुटी करून दुसरीकडे पुन्हा जोडली तर ती जोडणीची जागा बनावटीची जागा मानत नाहीत. म्हणजे सिन्नरला बनवून, सुटं करून पाठवलेलं यंत्र तिकडच्या शेडमध्ये बोल्ट आवळल्याने अमेरिकन होत नाही.

देशी ठरण्यासाठी घटकांच्या किमतीची अट तिथे २०२४ पासून ६५ टक्के आहे आणि २०२९ पासून ७५ टक्के होणार आहे. भारत जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात सदस्य नाही, फक्त निरीक्षक आहे, त्यामुळे त्या करारातल्या देशांना मिळणारी सवलत आपल्या मालाला नाही. गिऱ्हाईक फोनवर ‘काहीतरी लिहून द्या’ म्हणालं तरी फॉर्ममध्ये भारत हेच लिहा.

हे सगळं सांभाळायला वेगळा माणूस ठेवायचा का?

गरज नाही. स्टोअरच्या आवक रजिस्टरमध्ये ‘मूळ देश’ असा एक रकाना वाढवा आणि माल उतरवून घेतानाच भरा. खोकं भंगारात जायच्या आत लेबलचा मोबाइलवर फोटो काढून बिल क्रमांकाच्या नावाने ठेवा. डीलरला पर्चेस ऑर्डरमध्येच एक ओळ घाला, की बिलावर किंवा चलनावर प्रत्येक वस्तूचा मूळ देश लिहून द्यावा. पहिल्यांदा कुरकुर होते. ‘साहेब, आजवर कुणी मागितलं नाही’ असं ऐकायला मिळतं. पुढचं पेमेंट त्या कागदावर अडवलं की दुसऱ्या खेपेपासून तो आपोआप येतो.